पुण्याची नोकरी चालू ठेवून जर्मनीत मास्टर्स जमेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पुण्यात चार वर्षं बॅकएंड डेव्हलपर आहात, पगार महिना 80 हजार. ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्सला प्रवेश मिळालाय, कर्ज 18 लाखांचं आहे, बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. कंपनी म्हणते, "तिकडून काम करा, पगार तोच." आणि तुम्ही विचारताय की दिवसाचं वेळापत्रक कसं लावू.

वेळापत्रकाकडे येते, पण तो तुमचा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न असा की ही नोकरी आहे त्या स्वरूपात तिथे बसून करता येते का? येत नाही. दुसरा प्रश्न, तुम्हाला नक्की किती पैसे लागतात? हा तुम्ही स्वतःला अजून विचारलेला दिसत नाही. या दोन्हींची उत्तरं मिळाली की वेळापत्रक निम्मं आपोआप लागतं.

मी 2014 मध्ये इथे जर्मनीत मास्टर्सला आले, तेव्हा पुण्याच्याच टीमसाठी आठवड्याला 16 तास काम करत होते. आता स्टुटगार्टजवळ नोकरी करते, दरवर्षी तीन-चार विद्यार्थी माझ्या टीममध्ये अर्धवेळ असतात. त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

आधी कायद्याचं. "कंपनी भारतातली, पगार भारतातल्या खात्यात, मग जर्मनीचा काय संबंध?" हे मी दरवर्षी ऐकते. संबंध असा की तुम्ही जिथे खुर्ची टाकून बसता तिथे ते काम होतं. पैसे कुठल्या बँकेत जमा होतात याने त्यात फरक पडत नाही. विद्यार्थ्याच्या निवास परवान्यावर वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. माझ्या वेळी ही मर्यादा 120 आणि 240 होती, मार्च 2024 पासून वाढली. चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस. रोज आठ तास, आठवड्याला पाच दिवस मोजलेत तर 140 दिवस 28 आठवड्यांत संपतात. म्हणजे साधारण साडेसहा महिन्यांत वर्षाचा सगळा कोटा खलास.

याला एक चांगली वाट आहे. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या आत राहिलात, तर तो अख्खा आठवडा अडीच दिवस म्हणून धरता येतो. वर्षाचे 52 आठवडे गुणिले अडीच म्हणजे 130, म्हणजे वर्षभर मर्यादेत. हाच 20 तासांचा आकडा आरोग्य विम्यालाही लागू पडतो. तिशीच्या आत विद्यार्थ्यांना सरकारी विमा सवलतीच्या दरात मिळतो, महिन्याला साधारण 150 युरोंच्या आसपास. सेमिस्टरमध्ये नियमितपणे 20 तासांच्या वर गेलात, तर विमा कंपनी तुम्हाला विद्यार्थी न मानता नोकरदार मानू शकते आणि मग सगळा हिशोब बदलतो. म्हणून 20 ही भिंत समजा. मी तर 16 च म्हणेन. का ते पुढे सांगते.

दुसरा खड्डा यापेक्षा खोल आहे, कारण तो सोयीचा वाटतो. कंपनीचं एचआर म्हणेल, "तुम्हाला पगारावर ठेवणं अवघड आहे, कन्सल्टंट करार करू, महिन्याला बिल पाठवा." सही करू नका. बिल पाठवून केलेलं काम म्हणजे स्वयंरोजगार, आणि विद्यार्थी परवान्यावर तो परदेशी नागरिकांच्या कार्यालयाच्या वेगळ्या परवानगीशिवाय चालत नाही. परवाना मिळतो तेव्हा सोबत एक जोडपत्र येतं, त्यावर कामाची अट छापलेली असते. ते शब्द भाषांतर करून नीट वाचा. तीन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीतल्या एका मुलाने असा करार केला होता. परवाना वाढवायला गेला तेव्हा बँकेच्या पासबुकातल्या दर महिन्याच्या रकमेबद्दल विचारणा झाली, आणि थीसिसच्या ऐन मोसमात त्याचे दोन महिने वकिलाच्या पायऱ्या झिजवण्यात गेले.

तर मग मार्ग काय? तुमच्या कंपनीची जर्मनीत शाखा आहे का, हे आजच विचारा. पुण्यातल्या बऱ्याच कंपन्यांची असते, कधी दोन खोल्यांचं ऑफिस असतं, पण असते. त्या शाखेकडून 16 ते 20 तासांचा विद्यार्थी-कर्मचारी करार, ज्याला इथे सगळे वर्किंग स्टुडंट म्हणतात, हा सगळ्यात स्वच्छ रस्ता. माझं तसंच झालं होतं: करार इथल्या शाखेचा, टीम सगळी पुण्याची. शाखा नसेल तर कंपनीला इथल्या सामाजिक विम्याचा आणि कराचा विचार स्वतः करावा लागतो आणि बहुतेक कंपन्या तिथेच मागे हटतात. कंपनी "बघू, कुणाला कळतंय" म्हणाली, तर तेच उत्तर समजा आणि नोकरी सोडून या. लॅपटॉपवर व्हीपीएन लावून पुण्यात असल्याचं दाखवायचा सल्ला कुणी दिला, तर तोही ऐकू नका. ग्राहकाचा डेटा कुठल्या देशातून उघडला जातो, याच्या अटी करारात असतात. ते उघड झालं तर कंपनी तुमच्या मागे उभी राहणार नाही.

हे सगळं जर्मनीचं. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास आणि स्वयंरोजगार पूर्ण बंद, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48 तास, कॅनडात कॅम्पसबाहेर आठवड्याला 24 तास, पण तिथे कॅनडाबाहेरच्या मालकासाठी केलेलं दूरचं काम त्या 24 मध्ये धरतच नाहीत. तेव्हा मेलबर्नच्या किंवा टोरांटोच्या मित्राचा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही.

आता पैशाचं, कारण खरी काळजी तिथेच आहे. 18 लाखांवर 10 टक्के व्याज धरलं तर महिन्याला 15 हजार होतात. कर्ज टप्प्याटप्प्याने उचललं जातं, म्हणून सुरुवातीला त्याहूनही कमी. मुद्दलाचा हप्ता बहुतेक बँका शिक्षण संपल्यावर सहा महिने ते वर्षभर मागत नाहीत. म्हणजे बाबांच्या डोक्यावर भार येऊ नये म्हणून तुम्हाला 80 हजार लागत नाहीत, 15 हजार लागतात. इथला राहण्याचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमधून येणार आहे, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठराविकच काढता येणाऱ्या रकमेतून. वर्षाला 11,904 युरो, महिन्याला 992. पहिलं वर्ष ते पुरवून वापरता येतं. म्युनिकमध्ये ओढाताण होते, लहान शहरात थोडे शिल्लकही पडतात. तुमचं शहर कुठलं ते लिहिलेलं नाही, आणि घरभाड्याचं सगळं त्यावर आहे.

16 तासांचं काम पुण्याच्या पगाराच्या प्रमाणात मिळालं तर 80 चे 32 हजार होतात. व्याज भागतं, वर थोडे उरतात. पण तेच युरोत पाहा. 100 रुपयांना एक युरो असा सोपा हिशोब धरला तर ते 320 युरो. इथलं किमान वेतन जानेवारी 2026 पासून ताशी 13.90 युरो आहे. त्या दराने आठवड्याला 20 तास म्हणजे महिन्याला कापण्याआधी 1,200 युरोंच्या घरात, आणि तुमच्या अनुभवाच्या डेव्हलपरला किमान वेतनापेक्षा जास्तच मिळतं. इथल्या शाखेकडून करार झाला तर पगारही याच नियमाने द्यावा लागेल. म्हणून "पगार तोच" या वाक्यावर इतकं हुरळून जाऊ नका.

आणि आता ती रक्कम जी कुणी धरत नाही. एक सेमिस्टर लांबलं तर सहा महिन्यांचा खर्च 992 च्या हिशोबाने 5,952 युरो. पुण्याच्या दराने 16 तासांच्या कामाची वर्षभराची कमाई 3,840. म्हणजे नोकरीपायी एक सेमिस्टर जरी लांबलं, तरी वर्षभर केलेलं काम धुऊन निघालं आणि वर दोन हजार खिशातून गेले.

हे कागदावरचं गणित नाही, माझं झालेलं आहे. इथे विषय निवडला म्हणजे परीक्षेला बसलात असं नसतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, पोर्टलवर, ठरलेल्या मुदतीत. पहिल्या हिवाळ्यात ज्या आठवड्यात ती मुदत संपत होती, त्याच आठवड्यात पुण्यात मोठं रिलीज होतं, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडणार होती. मी तीन रात्री लॉग वाचत बसले होते. चौथ्या दिवशी कॅन्टीनमध्ये वर्गातली मुलगी सहज म्हणाली, "तू कंट्रोल थिअरीला कुठल्या गटात आहेस?" पोर्टल उघडलं तर नोंदणीचं बटण राखाडी झालेलं. परीक्षा कार्यालयात गेले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या सेमिस्टरची तारीख लिहून दिली. त्या विषयावर पुढचे दोन विषय अवलंबून होते. माझं मास्टर्स सहा महिन्यांनी लांबलं ते तिथे. रिलीज कुठलं होतं, हे आज मला आठवतही नाही.

म्हणून सांगते, परीक्षा हलक्यात घेऊ नका. अनेक विद्यापीठांत एका विषयाचे तीनच प्रयत्न असतात. तिसराही गेला तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम देशात दुसरीकडे घेणंही जवळजवळ बंद होतं. आपल्याकडची एटीकेटीची सवय इथे कामाची नाही.

आता वेळापत्रक. सेमिस्टरला 30 क्रेडिट, एका क्रेडिटला 25 ते 30 तास. म्हणजे 900 तासांपर्यंत. सहा महिन्यांवर पसरले तर आठवड्याला 35 तास. त्यात 16 मिळवा, 51 झाले. स्वयंपाक, धुणं, ट्रामचा प्रवास धरून हे जमतं. 20 तासांनी 55 होतात, जमतं पण सर्दी-तापाला जागा राहत नाही, म्हणून मी 16 म्हणाले. 40 मिळवले तर 75 होतात. ते दोन-तीन आठवडे जमतं, सेमिस्टरभर नाही.

पण तासांपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. उन्हाळी वेळेत पुणे साडेतीन तास पुढे असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. पुण्याचा साडेदहाचा स्टँड-अप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, तुम्ही आलात तेव्हा सकाळी सातला असेल, दोन-तीन आठवड्यांत तो सहाला येईल. हे ऐकायला छान वाटतं: सहा ते आठ काम, मग लेक्चर. मीही असंच ठरवलं होतं. डिसेंबरात इथे आठ वाजेपर्यंत उजाडत नाही. खोलीत दिवा लावून, मफलर गुंडाळून, हेडफोन घालून बसायचे. भिंत पातळ, पलीकडे एक मुलगा झोपलेला, म्हणून स्टँड-अपमध्ये कुजबुजायचे. पुण्यात लोक म्हणायचे, "आवाज येत नाहीये, जरा मोठ्याने बोल." सव्वाआठच्या लेक्चरला पोचायचे तेव्हा दिवसाचं सगळ्यात ताजं डोकं विकून झालेलं असायचं. प्राध्यापक फळा भरायचे आणि मी नुसती उतरवून घ्यायचे, कळायचं काहीच नाही.

दुसऱ्या सेमिस्टरला मी ते उलटं केलं. मॅनेजरशी बोलले की रोजच्या स्टँड-अपला येणार नाही, आदल्या संध्याकाळी चार ओळी लिहून ठेवीन: काय झालं, काय अडलंय, कुणाकडून काय हवंय. आठवड्यातून एकच कॉल, तोही पुण्याच्या दुपारी. सकाळ अभ्यासाची. काम दुपारी दोननंतर, जेव्हा पुण्यातली मंडळी घरी निघालेली असतात आणि मेसेज थांबतात. त्या शांत चार तासांत माझं जेवढं काम व्हायचं तेवढं पूर्वी आठ तासांतही होत नव्हतं. अट एवढीच की काम तसं हवं. दुसऱ्याला थांबवून न ठेवणारं, स्वतःपुरतं पूर्ण होणारं: चाचण्या लिहिणं, एखादं अंतर्गत साधन, जुनं मॉड्यूल साफ करणं. प्रॉडक्शनची, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या सिस्टीमची जबाबदारी आणि ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला की कधीही हजर होण्याची पाळी, मात्र अजिबात घेऊ नका. ऑन-कॉल माणसाचे तास कागदावर 16 असले तरी डोकं सातही दिवस तिकडेच असतं.

सगळ्यांना हे जमेलच असं नाही. ज्यांच्या अभ्यासक्रमात दुपारी प्रयोगशाळा असतात त्यांना दिवस वाटून घ्यावे लागतात, जसे की मंगळवार आणि शुक्रवार कामाचे, बाकी विद्यापीठाचे. तुमचा विषय डेटा इंजिनिअरिंग आहे, त्यात गटाने करायचे प्रोजेक्ट बरेच असतात आणि गटाची बैठक नेमकी संध्याकाळी ठरते. वर्गाचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय कंपनीला कुठल्याही वेळेचा शब्द देऊ नका.

एका गोष्टीची तारीख मात्र आत्ताच देऊन ठेवा. हिवाळी सेमिस्टरच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आणि आपल्याकडे 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं. दोन्हीकडचा जीव नेमका एकाच वेळी टांगणीला लागतो. परीक्षेआधीचे तीन आठवडे पूर्ण रजा, उन्हाळ्यात जुलै-ऑगस्टलाही तसंच, हे करार करतानाच लेखी घ्या. आयत्या वेळी मागितलेली रजा मिळते, पण मॅनेजरच्या मनात ते राहून जातं.

आणि पहिले दोन महिने काम अजिबात नको. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, मग बँक, विमा, परवान्याची अपॉइंटमेंट, विद्यापीठाचं पोर्टल. प्रत्येक कागदाला आधीचा कागद लागतो. भारतातलं बचत खातंही एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यायचंय, तो फॉर्म निघण्याआधीच भरून या. कराचं विवरणपत्र इथे भरावं लागू शकतं. नोकरदारांना त्यात मदत करणाऱ्या संस्था प्रत्येक शहरात आहेत, वर्षाची वर्गणी भरली की त्या सगळं करून देतात. पहिल्या वर्षी तरी स्वतः धडपडू नका. कंपनीला सांगा, सुरुवात डिसेंबरपासून. खरंच तुमची गरज असेल तर थांबतील.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. दूरची नोकरी माणसाला पुण्यातच ठेवते. शरीराने इथे, पण दिवसभर मराठी-हिंदीत कॉल, जेवताना ऑफिसच्या ग्रुपवरच्या गप्पा, संध्याकाळी आईशी फोन. वर्ष उलटतं आणि बेकरीत पाव मागण्यापलीकडे जर्मन येत नाही. वर्गातल्या कुणाचं घर पाहिलेलं नसतं. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो, तेव्हा इथल्या कुठल्याच माणसाला तुमचं काम माहीत नसतं. मुलाखती घेताना मी हे पाहते. दोन उमेदवार सारखे असले तर इथल्या टीममध्ये सहा महिने काढलेला पुढे जातो, कारण त्याच्याबद्दल फोन करून विचारायला कुणीतरी असतं.

म्हणून माझं मत असं की पुण्याचं काम पहिल्या वर्षापुरतं ठेवा, तेही व्याज फिटण्याइतकं. दुसऱ्या सेमिस्टरपासून इथे काम शोधायला लागा. विद्यापीठातच प्राध्यापकांकडे सहायकाचं काम मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण ते 140 दिवसांत मोजलंच जात नाही आणि थीसिसचा विषयही बहुतेक वेळा तिथूनच निघतो. तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला पुण्याचा राजीनामा, ही तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका. चांगली कंपनी असेल तर त्यांनाही आधीच सांगून ठेवा. माझ्या जुन्या मॅनेजरला मी असंच सांगितलं होतं, आणि आजही पुण्यात आले की त्यांच्याकडे जेवायला जाते.

बाबांशीही एकदा हा 15 हजारांचा हिशोब घेऊन बसा. त्यांच्या मनात 18 लाखांचा आकडा असणार, आणि तुम्ही दिवसरात्र राबून तो फेडावा अशी त्यांची मुळीच इच्छा नसणार.

या आठवड्यात कंपनीकडून दोनच गोष्टी लेखी घ्या: जर्मनीतल्या शाखेचा करार देता येईल का, आणि तास किती. मसुदा हातात आला की पगार आणि नावं काढून त्यातलं तासांचं आणि रजेचं कलम इथे टाका. मी बघून सांगते.